शेवंती, खाज आणि पाठीवरच्या चकत्या

माझ्या हातांना जे झालं त्याचं नाव कळायलाच फार काळ गेला, म्हणून ते आधी सांगून टाकते: ॲलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मटायटिस. एखादी वस्तू कातडीला लागते, शरीर तिला वैरी मानतं, आणि त्या जागी कातडी लाल होऊन सुजते, खाजते, बारीक फोड येऊन पाणी सुटतं. माझ्या बाबतीत ती वस्तू शेवंती निघाली. आणि मी फुलं विकूनच घर चालवते.

गोव्यातल्या आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, देवळांना तोटा नाही. मंगेशी, म्हार्दोळ, नागेशी, रामनाथी, कवळे. फुलांचा धंदा सासूबाईंनी सुरू केला, आता मी बघते. श्रावण लागला की चवथ, नवरात्र, दसरा, दिवाळी संपेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. जाई, अबोली इथल्याच बायका आणून देतात. शेवंती आणि झेंडू घाटावरून पोत्यांनी येतात. पहाटे पोतं सोडायचं, दमट फुलं सुपात पसरायची, सडकी बाजूला काढायची, देठ खुडायचे आणि ओवायला बसायचं. देठ खुडताना हिरवट चिकट रस अंगठ्याला लागतो, तो वाळून काळा पडतो आणि साबणानेही लवकर जात नाही. आमच्या धंद्यात सगळ्यांचीच बोटं तशी.

सुरुवात उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या टोकाला झाली, बरोबर जिथे देठ चिमटीत धरतो तिथे. कातडी आधी कोरडी, खरखरीत झाली, मग तिला चिरा गेल्या. सोलकढीसाठी आमसुलं कोळायला घेतली की जीव कळवळायचा. मग मनगटापर्यंत लाली चढली, पाण्याचे बारीक पुरळ आले. आणि एका चवथीच्या तोंडावर पापण्या सुजल्या. सकाळी उठले तर डोळे उघडेनात. हाताचं एकवेळ समजत होतं, पण पापण्यांना कुठे मी फूल लावते?

घरातला पहिला उपाय आपल्याकडे सगळीकडे असतो तोच. सासूबाई म्हणाल्या, "अगो, सुंगटां बंद कर. वांगं नको, सुकं नुस्तं तर बिलकूल नको." सुंगटां म्हणजे कोळंबी, नुस्तं म्हणजे मासळी; गोव्याच्या माणसाला नुस्त्याशिवाय जेवण म्हणजे काय ते मी सांगायला नको. पण केलं बंद. खाज तसूभर कमी झाली नाही. कुणी म्हणालं रक्त बिघडलंय, कुणी म्हणालं गजकर्ण आहे. दीर मेडिकल स्टोअरमधून एक ट्यूब घेऊन आले. ती लावली आणि चार दिवसांत हात असे काही साफ झाले की आम्हाला वाटलं, संपलं. ट्यूब बंद केली तशी खाज दुपटीने उलटली. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा तेच. प्रत्येक फेरीत आराम थोडा कमी आणि कातडी थोडी पातळ. त्या ट्यूबमध्ये क्लोबेटासॉल हे फार जोरकस स्टिरॉइड, बुरशीचं एक औषध आणि निओमायसिन नावाचं अँटिबायोटिक असं सगळं एकत्र होतं, हे मला नंतर कळलं. यातल्या निओमायसिनचीच कित्येकांना ॲलर्जी असते! २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी ती गल्लोगल्ली हातात पडतात. याचा मला खरोखर राग येतो, कारण गजकर्णावर स्टिरॉइड लागलं तर खाज तात्पुरती दबते, पण बुरशी आतून पसरत जाते आणि मग तिचं रूपही असं बदलतं की डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही.

मध्ये एका लॅबमध्ये रक्त देऊन ॲलर्जीची भलीमोठी यादी काढून झाली. बऱ्यापैकी पैसे गेले. त्यात धूळ, झुरळ, कोळंबी, शेंगदाणे, काय काय होतं. शेवंती नव्हती. असणारही नव्हती, कारण ती तपासणी वेगळ्याच जातीच्या ॲलर्जीची असते. अंगावर पित्त उठणं, शिंका, दमा यांच्या मागे आयजीई नावाची प्रतिपिंडं असतात, ती रक्तात सापडतात. माझ्या हातांचा दाह टी पेशी, म्हणजे शरीराचा बचाव करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, घडवत होत्या. तो रक्तात दिसत नाही, कातडीवरच तपासावा लागतो.

शेवटी पणजीला एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी आधी हात बघितले, मग पापण्या, मग पायांची बोटं, डोकं, कोपरांच्या खोबणी, सगळं. बोटांमधली थोडी खपली ब्लेडने हलकेच खरवडून काचेवर घेतली, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपखाली पाहिली. बुरशी नाही. गजकर्णाचा प्रश्न तिथेच मिटला. एवढी साधी तपासणी आधी कुणी केली नव्हती.

मग त्यांनी विचारलं, "ताई, हात बरे कधी असतात?"

खाज कधी येते हे सगळ्यांनी विचारलं होतं. बऱ्या दिवसांची चौकशी कुणी केली नव्हती. मी आठवत राहिले आणि लक्षात आलं: भावकीत सुतक पडलं होतं तेव्हा. दुकान बंद होतं. त्या दिवसांत औषध नव्हतं, पथ्य नव्हतं, तरी हात मऊ झाले होते. डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे उत्तर दुकानात आहे. फूल कुठलं ते शोधायचं."

पण आधी भडका शमवायचा होता. पाणी सुटणाऱ्या जागेला पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याच्या पट्ट्या. विहिरीत टाकायची ती जांभळी पूड, इतकी थोडी की पाण्याला फिक्कट गुलाबी रंग यावा, त्याहून गडद नको, नाहीतर कातडी भाजते. डॉक्टरांचं म्हणणं असं की ओलं असेल त्याला आधी सुकवावं, कोरडं असेल त्याला ओलावा द्यावा. ओल्या जखमेवर जाड मलम थापून काही साधत नाही. पाणी थांबल्यावर हातांना स्टिरॉइडचं मलम, थोडे दिवस, आणि मात्रेचं माप ठरवून. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ येते, ते झालं एक माप, साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं आपल्या दोन तळव्यांएवढ्या कातडीला पुरतं. हे माप मला फार आवडलं. 'थोडंसं लावा' म्हणजे किती, हे त्याआधी कधी कुणी सांगितलं नव्हतं.

पापण्यांना मात्र ते मलम अजिबात नाही. तिथली कातडी सगळ्या अंगात पातळ, औषध भराभर आत शिरतं, आणि जोरकस स्टिरॉइड तिथे फार दिवस लागलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूची भीती. त्या जागेसाठी टॅक्रोलिमस दिलं. हे स्टिरॉइड नाही. कातडी पातळ करत नाही, टी पेशींनाच शांत करतं. पहिले काही दिवस लावल्यावर चांगलीच आग होते. डॉक्टरांनी आधी बजावलं नसतं तर मी ट्यूब फेकून दिली असती.

स्टिरॉइडबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. आपल्याकडे माणसं दोन टोकांची. एक तर नाव न वाचता वर्षभर फासणारी, नाहीतर नाव ऐकताच घाबरून चिठ्ठी खिशात ठेवून देणारी. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोनचं मलम पहिल्यांदा या आजारावर लागू पडलं, त्याआधी एक्झिमा म्हणजे इसब असलेल्यांच्या हाती डांबराची मलमं आणि पट्ट्या याहून फारसं काही नव्हतं. औषध चांगलंच आहे. कुठल्या जागी, किती जोराचं, किती दिवस, हे ठरवायला जाणतं माणूस हवं.

भडका शमल्यावर पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ पाठीला चिकटवून बघण्याची चाचणी. ही घामाच्या दिवसांत नीट होत नाही, म्हणून पावसाळा आणि ऑक्टोबरची काहिली सरू दिली आणि डिसेंबरच्या थंड हवेत ठरवली. पाठीला आधी काही दिवस कसलंही मलम लावायचं नाही, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू नकोत, आणि अंगावर भडका नको; भडक्यात चाचणी केली तर सगळी पाठच चिडते आणि खरं-खोटं कळत नाही. मी पाठ करून बसले. डॉक्टरांच्या मदतनीस मुलीने चिकटपट्टीवर ओळीने लावलेल्या छोट्या ॲल्युमिनियमच्या चकत्यांत सिरिंजमधून एकेक पदार्थ थेंबभर भरला. निकेल, सिमेंटमधलं क्रोमेट, केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी, अत्तरांचं मिश्रण, रबरातली रसायनं, निओमायसिन, टिकलीच्या गोंदातलं द्रव्य, गाजरगवत. भारतातल्या लोकांना जे सहसा बाधतं त्यांची ठरलेली मालिका असते. शेवटच्या दोन चकत्यांत माझ्याच दुकानातल्या शेवंतीची पाकळी आणि पानाचा तुकडा. (हे घरी करून पाहू नका, कच्चं पान कातडीला नुसतंच भाजू शकतं आणि नसलेली ॲलर्जी जडूही शकते. डॉक्टरांनी मोजून-मापून केलं.) पट्ट्या चिकटवल्या, भोवती पेनाने खुणा केल्या.

आता ४८ तास पाठ भिजवायची नाही, वाकून काम नाही, घाम नाही. न्हाणीत नुसतं अंग पुसायचं. गोव्यात राहणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. दुसऱ्या रात्री खालच्या कोपऱ्यात अशी खाज सुटली की झोप कुठली! नवऱ्याला म्हटलं, निदान वरून फुंकर घाला. आणि मनातून मात्र आनंद होत होता, की आता काहीतरी सापडणार.

४८ तासांनी पट्ट्या निघाल्या, थोड्या वेळाने पाठ वाचली. पुन्हा ९६ तासांच्या सुमारास वाचली. दोनदा का, तर हा दाह सावकाश येतो आणि काही पदार्थ दुसऱ्याच वाचनात उमटतात. मोबाईलवर पाठीचा फोटो काढून मला दाखवला. बाकी पाठ कोरी. गाजरगवताच्या जागी लाल फुगीर चकती, तिच्यावर मोहरीएवढे फोड. शेवंतीच्या पानाच्या जागी तसंच, पाकळीच्या जागी जरा कमी. आणि वर निकेलच्या जागी एक फिकट लाल ठिपका.

निकेल बघून मी म्हटलं, "म्हणजे हेसुद्धा?" डॉक्टर म्हणाल्या, "लहानपणी खोटी कानातली घालून कान चिघळले होते का?" चिघळले होते. "ही ती जुनी ओळख. ॲलर्जी आहे, पण आजचा त्रास तिचा नाही. पाठीवर जे उमटलं ते सगळं गुन्हेगार नसतं, घटनेशी जुळवून बघावं लागतं." मला वाटतं, या चाचणीचं खरं कौशल्य चकत्या लावण्यात नाही, या जुळवण्यात आहे.

मग त्यांनी कागदावर एक कुळच लिहून दिलं. शेवंती, झेंडू, ॲस्टर, जर्बेरा, सूर्यफूल आणि रस्त्याकडेचं गाजरगवत ही सगळी एकाच कुळातली. यांच्यात सेस्क्विटर्पीन लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात. एकाची ओळख शरीराला पटली की भावंडंही पुष्कळदा बाधतात. वर्षानुवर्षं हाताळूनही काही होत नाही आणि मग एक दिवस टी पेशी ते द्रव्य लक्षात ठेवतात. ते पुढे आयुष्यभर विसरत नाहीत. सोमवारी खुडलेल्या देठाचा त्रास बुधवारी दिसतो, म्हणून माणूस मंगळवारच्या नुस्त्याला दोष देतो.

पापण्यांचं कोडंही सुटलं. गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत, मूळ अमेरिका खंडातलं. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि मग देशभर माजलं. त्याचं वाळलेलं चूर्ण हवेत उडतं आणि पापण्या, मान, कोपराची खोबण अशा ठिकाणी बसतं. आमच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत पावसात ते कमरेएवढं व्हायचं. शिवाय रस लागलेली बोटं आपण दिवसभरात कितीदा डोळ्यांना लावतो ते आपल्यालाही कळत नाही.

कागदावरच्या शेवटच्या दोन ओळींनी मी चाट पडले. माका आणि कॅलेंड्युला. दोन्ही त्याच कुळातली! केसांना मी माक्याचं तेल लावत होते, आणि चिरांना कुणीतरी प्रेमाने दिलेलं कॅलेंड्युलाचं मलम. झाडपाल्याचं आहे म्हणजे निर्धोक, असं आपण धरून चालतो. ज्याला त्या पाल्याचीच ॲलर्जी, त्याने काय करावं? दोन्ही बंद केली. केसांना आता साधं खोबरेल.

धंदा सोडायचा का, हा प्रश्न मी घाबरत घाबरत विचारला. डॉक्टर म्हणाल्या, "जाई, मोगरा, अबोली, गुलाब, कमळ यांचा या कुळाशी संबंध नाही. खुशाल ओवा." त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हार्दोळला म्हाळसेच्या जायांच्या पूजेसाठी आमच्या घरातून जायो जातात, ते काम सासूबाईंच्या हातून माझ्याकडे आलंय. ते सुटलं असतं तर मला सहन झालं नसतं.

शेवंतीची ऑर्डर टाळता येत नसेल तर नायट्राइलचे हातमोजे, आत पातळ सुती मोजे, कारण नुसत्या रबराच्या आत घामाने हात आणखी बिघडतात. काम झालं की साबण कमी, कोमट पाणी, आणि हात ओलसर असतानाच जाडसर व्हॅसलीन. दुपारच्या उन्हाने हा दाह वाढतो, म्हणून दुकानाची बाजू बदलली. मागचं गाजरगवत फुलायच्या आधी मुळासकट उपटून घेतलं, अर्थात मी नाही, नवऱ्याने, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला फडकं बांधून. हवेतल्या गवताने ज्यांचं सगळं अंग भडकतं त्यांना अझाथायोप्रिनसारखी गोळी देतात, दर काही दिवसांनी रक्त तपासत. माझं तिथवर गेलं नाही.

या फेऱ्यांत घरातल्या बाकीच्यांच्या कातडीचाही उलगडा झाला. धाकट्याच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत लहानपणापासून खाज. त्याच्या आजोबांना दमा, बापाला सकाळच्या शिंका. हा ॲटोपिक डर्मटायटिस, घराण्यातून येणारा. कातडीची राखणच जन्मतः कच्ची असते, आतला ओलावा टिकत नाही आणि बाहेरचं सगळं आत शिरतं. त्याला पॅच टेस्ट नको, त्याला रोजची निगा हवी: कोमट पाण्याने झटपट अंघोळ, टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, आणि तीन-चार मिनिटांच्या आत सगळ्या अंगाला मलई, भडकलं तरच सौम्य स्टिरॉइड. पुष्कळ मुलांचं वयाबरोबर कमी होतं, आमच्याही पोराचं होतंय. सासूबाईंच्या घोट्यांवरचे काळपट खाजरे डाग तर वेगळ्याच कारणाचे निघाले. जन्मभर दुकानात उभं राहून पायांच्या शिरा फुगलेल्या, रक्त खाली साचतं, त्याने कातडी दाहते. तिथे मलम हा दुय्यम उपाय. पायाच्या धमन्यांतलं रक्त नीट वाहतंय ना ते तपासून मग घट्ट पायमोजे दिले आणि बसताना पाय उंच ठेवायला सांगितले. नवऱ्याच्या भुवयांतला आणि नाकाच्या कडेचा कोंडा हा सेबोरिक प्रकार, कातडीवरच्या यीस्टमुळे वाढणारा. केटोकोनॅझोलच्या शाम्पूवर भागलं. एकाच घरात खाज सगळ्यांना, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लावून उपयोग नाही.

गेल्या चवथीच्या आधी शेजारच्या दुकानातली बाई माझ्याकडे आली. हात हुबेहूब माझ्यासारखे. म्हणाली, "ताई, तुमचं ते औषध द्या ना." औषध नाही दिलं, तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. पणजी परवडत नसेल तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, त्वचारोगाचा विभाग आहे, तिथे जाऊ, असंही तिला म्हटलं होतं. तिची पॅच टेस्ट झाली आणि पाठ साफ कोरी निघाली. शेवंती नाही, काही नाही. तिचा होता इरिटंट प्रकार: दिवसभर ओल्या फुलांत, बादलीत, साबणात हात, कातडीवरचं तेल धुऊन जातं आणि ती नुसत्या पाण्यानेच दाहते. कॉन्टॅक्ट डर्मटायटिसमध्ये हाच प्रकार जास्त आढळतो. तिला हातमोजे, मलई, साबणाऐवजी सौम्य क्लीन्झर आणि तासातासाला हात कोरडे करणं एवढ्यावर फरक पडला.

आता आम्ही दोघींनी धंद्याची वाटणी केलीय. माझ्याकडे येणारी शेवंती-झेंडूची गिऱ्हाइकं मी तिच्याकडे पाठवते, तिच्याकडची जाई-अबोलीची वेणी माझ्याकडे येते. दसऱ्याला तिची कमाई जास्त होते, श्रावणात माझी.